उजवी नळी

आमच्या मशीनच्या खोलीच्या दारावर मी स्वतः एक पाटी लावली आहे. ‘न गाळलेला नमुना परत पाठवला जाईल.’ त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ‘आणणाऱ्यासकट.’ मी ते पुसलेलं नाही. खोटं थोडंच आहे?

ही प्रयोगशाळा सगळ्या विद्यापीठाची आहे. म्हणजे हक्क सांगायला सगळे आणि निस्तरायला मी एकटी. पेशी मोजायचं आणि वेगळ्या करायचं एवढं महागडं मशीन प्रत्येक विभागाला परवडत नाही, म्हणून ते एकाच ठिकाणी ठेवलंय आणि त्याच्यासोबत मला. ज्याला वापरायचं त्यानं वेळ नोंदवायची, ठरल्या वेळी यायचं, ठरल्या वेळी उठायचं. वेळ संपल्यावर ‘मॅडम, फक्त थोडंसंच राहिलंय’ म्हणणाऱ्यांना मी कसं उठवते ते कुणालाही विचारा. पोरं मला पाठीमागे हेडमास्तरीण म्हणतात. म्हणोत बापडी.

मशीनचं काम सांगायला सोपं आहे. पेशींना आधी रंग लावून आणायचा. मशीन त्यांना बारीक धारेतून एकेक करून लेझरसमोरून नेतं, प्रत्येकीचा रंग बघतं आणि मग त्या धारेचे थेंब पाडून एका रंगाच्या पेशी डावीकडच्या नळीत टाकतं, दुसऱ्या रंगाच्या उजवीकडच्या. नको असलेलं सगळं सरळ खाली, टाकाऊ पाण्याच्या कॅनमध्ये. स्क्रीनवर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो आणि सारख्या पेशींचे ठिपके एकत्र येऊन त्यांचा ढग दिसतो. बास, एवढंच. पण एक गुठळी आत गेली की धार तिरकी होते आणि मग माझा अख्खा दिवस त्या मशीनची मनधरणी करण्यात जातो.

त्या दिवशी सकाळची वेळ माझ्या नणंदेची होती. घरात तिला सगळे धांदल म्हणतात. पीएच.डी. करतेय, आमच्याकडेच राहते. तिचं नाव आता बारशाला ते ठेवणाऱ्या आत्यालासुद्धा आठवत नसेल, इतकं हे टोपणनाव तिला चिकटलंय. दूध उतू घालवणार ती, किल्ली आत ठेवून दार ओढून घेणार ती, पिपेटचं टोक बदलायला विसरणार तीच. प्रयोगशाळेत मला वहिनी म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, हा नियम मी तिला पहिल्याच दिवशी सांगितला होता. लोकांनी म्हणायला नको की हेडमास्तरीण घरच्यांना सूट देते. खरं तर मी तिला सगळ्यांपेक्षा जास्तच झापते.

तिचा विषय रक्ताचा एक कॅन्सर. हळूहळू वाढणारा. आपल्या रक्तात बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांचे दोन प्रकार. धांदल एका प्रकाराला हिरवा रंग लावते, दुसऱ्याला नारिंगी. निरोगी माणसाच्या रक्तात हिरव्याही भरपूर आणि नारिंगीही भरपूर. या आजारात मात्र एकच पेशी स्वतःसारख्या पेशी काढत सुटते. त्यामुळे सगळीकडे एकच रंग दिसतो, दुसरा जवळजवळ नाहीच.

हॉस्पिटलमधून तिला पेशंटच्या रक्ताची नळी येते आणि तिच्यासोबत तुलनेला एका निरोगी माणसाचं रक्त लागतं. आता निरोगी माणूस रोज रोज कुठून आणायचा? सगळ्याच प्रयोगशाळांपुढे हा पेच असतो आणि सगळेच तो एका पद्धतीनं सोडवतात. जो हाताशी सापडेल त्याची बाही वर करायची. मैत्रीण, झाडूवाले काका, शेजारच्या टेबलावरचा मुलगा, सगळ्यांचं रक्त कधी ना कधी ‘निरोगी’ म्हणून वापरून झालेलं असतं. त्याची कुणाला भीती वाटत नाही. त्यात काही निघेल असं मनातच येत नाही.

धांदलीची नेहमीची मैत्रीण तापानं आडवी होती, म्हणून या खेपेला तिनं आपल्या दादाला धरून आणलं. तिचा दादा म्हणजे माझा नवरा.

त्याचं विद्यापीठाच्या फाटकासमोरच चष्म्याचं दुकान आहे. माणूस गोड, पण सुई पाहिली की पांढरा पडतो. सकाळी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात सिस्टरनं त्याच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा तो म्हणाला, “सिस्टर, उगाच त्रास घेताय. माझ्यात रक्त उरलंच नाही. सगळं हिनं प्यायलंय.” सिस्टर हसली, मीही हसले, आणि तेवढ्यात सुई टोचून झालीसुद्धा. नळी माझ्या डोळ्यांदेखत भरली, माझ्या डोळ्यांदेखत त्या नळीवर चिठ्ठी लागली. तो दुकानात गेला, आम्ही दोघी प्रयोगशाळेत आलो.

रंग लावून, धुऊन, गाळून धांदल वेळेवर मशीनपाशी आली. आधी पेशंटचा नमुना लावला. डावी नळी हिरव्या पेशींनी भरत गेली, उजवी कोरडीच राहिली. या आजारात असंच दिसायचं. मशीन स्वच्छ केलं आणि नवऱ्याचा नमुना लावला.

डावी नळी भरायला लागली. उजवीत काही पडेना.

मी आधी मशीनलाच शिव्या घातल्या. उजवीकडची धार अडली असणार, दुसरं काय! कॅमेऱ्यात पाहिलं तर धार सरळ. तपासणीचे मणी असतात आमच्याकडे, पेशींएवढे बारीक, प्लॅस्टिकचे. ते सोडून पाहिले. मणी डावीकडेही व्यवस्थित पडले, उजवीकडेही. मशीनचं काही बिघडलेलं नव्हतं.

मग मी स्क्रीनकडे नीट पाहिलं. हिरव्याचा दाट ढग. नारिंगीच्या जागी चार चुकार ठिपके.

“नळ्यांची अदलाबदल केलीस,” मी म्हणाले. “पेशंटचीच परत लावलीस. शाब्बास! एवढंच राहिलं होतं.”

“नाही हो मॅडम. ही बघा ना चिठ्ठी.”

“चिठ्ठी काय, तू चुकीच्या नळीवरही लावशील.”

पण ती नळी मी पाहिलेली होती. तरी म्हटलं, अदलाबदल झाली असेल तर दुसरी नळी निरोगी निघेल. पेशंटची नळी परत लावली. तिच्यातही हिरवाच ढग, फक्त आणखी दाट. म्हणजे दोन नळ्या आणि दोन्हींत तोच आजार. अदलाबदल करून हे कसं होणार?

तेव्हा मला कळलं. धांदलीलाही कळलं असणार, कारण ती दादाच्या नळीवरची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होती. आम्ही दोघी त्या चित्राचा अर्थ रोज वाचतो. तिचा तर प्रबंधच त्यावर आहे. पण तो शब्द ना तिनं काढला, ना मी.

मी म्हणाले, “मशीनमध्ये पेशंटच्या पेशी मागे राहिल्या असतील.”

“हो,” ती लगेच म्हणाली. “तसंच असेल.”

मी मशीन धुतलं. इतकं धुतलं की मशीन बसवून देणाऱ्या इंजिनिअरनं पाहिलं असतं तर हात जोडले असते. मग नुसतं पाणी सोडलं. स्क्रीन कोरी. एक ठिपका नाही. मग पुन्हा नवऱ्याची नळी. हिरवा ढग उगवला, होता तिथंच, होता तेवढाच.

त्यानंतर मी जे केलं ते एरवी मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी धांदलीची चूक शोधायला लागले. एरवीही शोधते, पण झापायला. त्या दिवशी मला ती चूक हवी होती. अक्षरशः मनातल्या मनात हात जोडून मी म्हणत होते, देवा, या कार्टीनं काहीतरी घोळ घातलेला असू दे.

“धुतलंस का नीट?” मी विचारलं. रंग लावायच्या आधी रक्त नीट धुतलं नाही तर त्यातला द्रवच रंग पिऊन टाकतो आणि चित्र फसवं येतं. धांदल नेहमी एकदा धुते आणि दोनदा धुतलं म्हणून सांगते. मला ते माहीत आहे.

“तीनदा धुतलं.”

“खरं सांग. मी रागावणार नाही.”

“वहिनी, शपथ. तीनदा. तू ओरडशील म्हणून या वेळी मी सगळं जसंच्या तसं केलं.”

नियम मोडून वहिनी म्हणाली.

“नारिंगी रंग घालायलाच विसरली असशील.”

“दोन्ही नळ्यांना एकच मिश्रण घातलं. एकाच बाटलीत कालवलेलं.”

“मग त्या मिश्रणातच नारिंगी नसेल! पेशंटमध्ये नारिंगी दिसायचीच नव्हती, त्यामुळे कळलं नसेल!” मी जवळजवळ ओरडले. आणि खरंच, हे शक्य होतं. रंग जुना झालेला असेल, कुणीतरी फ्रिजबाहेर ठेवून खराब केला असेल. हे आधीच का सुचलं नाही म्हणून मला इतका आनंद झाला की मी धांदलीच्या पाठीवर थाप मारली. “विसरलीस तू! बावळट! विसरलीस!”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. तिलाही ते हवंच होतं. “असेल, वहिनी. मी विसरलेच असेन. मला खरंच आठवत नाहीये घातला होता का.”

याची तपासणी सोपी होती. त्याच बाटलीतलं तेच मिश्रण आणि तिसऱ्याच माणसाचं रक्त. मी माझी बाही वर केली आणि तशीच आरोग्य केंद्रात जाऊन सिस्टरपुढे हात ठेवला. ती म्हणाली, “आज काय, घरातले सगळे रांगेत?” मी म्हटलं, “हो, आज आमच्याकडे सेल लागलाय.”

धांदलीनं माझं रक्त तयार केलं. या खेपेला मी तिच्या मागे उभी होते. तिचा हात स्थिर होता. टोक बदलत होती, झाकणं जागच्या जागी ठेवत होती, मिश्रण हलवून घेत होती. मला वाटलं होतं हिला यातलं काही येत नाही. सगळं येत होतं. मागे कुणी उभं असलं की घाबरून चुकायची, एवढंच असावं. आणि त्या दिवशी मी मागे असूनही ती चुकत नव्हती.

नमुना तयार होईतो पुढच्या वेळेचे गृहस्थ येऊन बसले. हे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक, आम्ही त्यांना झाडवाले सर म्हणतो. पानांच्या पेशी घेऊन येतात, बर्फाच्या डब्यात, आणि माझा धाक म्हणून नेहमी वेळेच्या आधी येतात. मी त्यांना म्हटलं, “सर, आमचं जरा लांबलंय.”

ते उठून उभेच राहिले. माझ्या तोंडून हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. “मशीन बिघडलं का?”

“नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, धांदलीकडे पाहिलं, आणि डबा उचलला. “मी उद्या येईन,” म्हणाले. “पानं काय, पुन्हा खुडता येतात.” कधी नव्हे ते मला त्या माणसाबद्दल फार चांगलं वाटलं.

माझी नळी मशीनला लावली. धांदल खुर्चीत बसलेली, मी उभी. बटण तिनं दाबलं.

आधी हिरवा ढग आला. मग त्याच्या शेजारी, जिथं तो येऊ नये असं मला वाटत होतं तिथं, नारिंगी ढग आला. छान, गोल, भरगच्च. पुस्तकात छापावं असं चित्र. उजवी नळी थेंब थेंब भरायला लागली. रंग घातलेला होता. मिश्रण चांगलं होतं. मी ठणठणीत होते आणि मला स्वतःचा इतका राग आला की ती नळी काढून भिंतीवर फेकावीशी वाटली.

धांदल म्हणाली, “वहिनी, अजून काहीतरी असेल. आपण काहीतरी विसरतोय.”

“काय?”

“मला नाही माहीत. तू सांग ना. तुला नेहमी सापडतं.”

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. सापडत नव्हतं. मी तिला म्हटलं की हे संशोधनाचं मशीन आहे, यावरून कुणाला आजार आहे असं आपण ठरवू शकत नाही. ती म्हणाली, माहीत आहे. मी म्हटलं, कितीतरी लोकांच्या रक्तात असं थोडंसं असतं आणि वर्षानुवर्षं काही होत नाही. ती म्हणाली, माहीत आहे, माझ्या प्रबंधाचा दुसरा भाग तोच आहे. मग तीच म्हणाली, “पण वहिनी, त्याचा ढग थोडासा नाहीये गं.”

नव्हताच थोडासा.

पुन्हा ताजं रक्त घ्यायचं आणि ते या वेळी इथं नाही तर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये द्यायचं, असं आम्ही ठरवलं. तिथले रक्ताचे डॉक्टर धांदलीच्या ओळखीचे, तिनं त्यांना फोन केला. ते म्हणाले, आजच पाठवा. मी नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, जरा ये. कशाला ते सांगितलं नाही. मला खोटं जमत नाही आणि खरं फोनवर सांगवेना.

तो दुकानातला पांढरा कोट घालूनच आला. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, खिशात छोटा स्क्रू-ड्रायव्हर. आम्ही दोघी बाहेरच्या व्हरांड्यात बाकाशी उभ्या. आमची तोंडं पाहून त्यानं लांबूनच हात वर केले.

“कळलं! धांदलीनं सांडलं ना? मी सकाळीच म्हणत होतो. माझं एवढं मौल्यवान रक्त आणि दिलं कुणाच्या हातात!”

मी तोंड उघडणार तेवढ्यात धांदल म्हणाली, “हो दादा. सॉरी. माझ्या हातून नळी पडली.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“घ्या!” तो खूश झाला. बाकावर बसला, पाय पसरले. “पडली म्हणे. अगं, तुला पीएच.डी. देणार आहेत का घरी बसायचे पैसे देणार आहेत? लहानपणी माझी पाटी फोडलीस, सायकल नाल्यात घातलीस, आता रक्त सांडलंस. आता पुन्हा टोचून घ्यायचं म्हणजे. काय गं हेडमास्तरीण, हिला ओणवं उभं केलंस की नाही?”

त्याला ओरडायचं नव्हतं, चिडवायचं होतं, त्यात त्याला मजा येत होती. आणि धांदल मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती. हो दादा, चुकलं दादा. मला कळत होतं ती काय करतेय. रिपोर्ट येईपर्यंतचा वेळ त्याला मिळावा, रात्री त्यानं नेहमीसारखं जेवावं, झोपावं. मला गप्प बसायचं होतं. मी खरंच ठरवलं होतं की गप्प बसायचं.

“तुझं म्हणजे ना,” तो तिला म्हणाला, “एक काम धड होईल तर शपथ.”

“तिच्या हातून काही पडलेलं नाही,” मी म्हणाले.

“वहिनी,” धांदल म्हणाली.

“काही पडलं नाही, काही सांडलं नाही. तिनं आज एकही चूक केलेली नाही. सकाळपासून मी शोधतेय.”

तो हसतच माझ्याकडे वळला. मग त्याचं हसू हळूहळू गेलं. एवढ्या वर्षांत मी त्याच्या बहिणीचं असं कौतुक केलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. त्याला बी पेशी माहीत नाहीत, ढग माहीत नाहीत. पण मी माहीत आहे.

“मग?” त्यानं विचारलं.

“मग तुझ्या रक्तात काहीतरी दिसतंय.”

“काहीतरी म्हणजे?”

“ती ज्याचा अभ्यास करते ते.”

खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यानं बाकावर ठेवला, परत उचलून खिशात ठेवला. “मशीन चुकत असेल,” तो म्हणाला.

“चुकतं. रोज चुकतं. आज नाही चुकलं. मी माझं रक्तही लावून पाहिलं.” मी त्याच्याशेजारी बाकावर बसले. “मला फार भीती वाटतेय. डॉक्टर सांगतील ते खरं, कदाचित औषधही लागणार नाही, नुसतं लक्ष ठेवतील, असंही असतं. पण मला भीती वाटतेय आणि ती मला तुझ्यापासून लपवता येणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला. एवढंच. मग तो उठला, धांदलीपाशी गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. “म्हणजे तू सगळं नीट केलंस तर,” तो म्हणाला. “शहाणी आहेस.”

आणि इतका वेळ न रडलेली ती मुलगी तिथंच भर व्हरांड्यात हमसून हमसून रडायला लागली. “कशाला केलं मी नीट,” ती म्हणत होती, “दादा, आजच कशाला केलं मी नीट!” येणारी-जाणारी पोरं थबकून बघत होती. मी तिला पोटाशी धरलं आणि मलाही आवरेना. आमचं रडणं थांबेना तेव्हा तो एकटाच आरोग्य केंद्राकडे चालायला लागला, चालता चालताच बाही वर करत.